मदत पोहोचण्यापूर्वीचे तास
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आपत्ती स्वयंसेवकांचे प्रशिक्षण



३० जुलै २०१४ रोजी, बुधवारी सकाळी, आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगराचा उतार घसरून आला. चाळीसहून अधिक घरे चिखल, दगड आणि मुळासकट उन्मळलेली झाडे यांखाली गाडली गेली. पुढे आठवडाभर शोधकार्य चालले आणि १५१ मृतदेह हाती लागले. मृतांत बहुसंख्य महादेव कोळी समाजाची शेतकरी कुटुंबे होती. कामानिमित्त किंवा शिक्षणासाठी जे त्या सकाळी गावाबाहेर होते, ते बहुतेक वाचले.

या दुर्घटनेची वार्ता बाहेर कशी आली, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नेहमीच्या फेरीची एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गावाच्या जागी मातीचा ढीग दिसला. त्याने गाडी मागे फिरवून खबर दिली, आणि मग शासनाची यंत्रणा हलली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातच, सुदुंबरे येथे आहे. म्हणजे देशातील उत्तम प्रशिक्षित दलांपैकी एक दल याच जिल्ह्यात होते. तरीही भर पावसात, घाटातील अरुंद रस्त्याने, अवजड सामग्रीसह माळीणपर्यंत पोहोचण्यास कित्येक तास लागणे अपरिहार्य होते. त्या मधल्या तासांत ढिगाऱ्यापाशी कोण होते? आसाणे, अडिवरे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील माणसे होती. त्यांच्या हाती फावडी व टिकाव होते आणि मनात अपार कळकळ होती. अशा प्रसंगी नेमके काय करावे, हे मात्र त्यांना कोणी कधी शिकविलेले नव्हते.

पहिला मदतगार शेजारीच असतो

ही गोष्ट केवळ माळीणपुरती खरी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हाही पहिले हात शेजाऱ्यांचेच लागले. सप्टेंबर १९८५ मध्ये मेक्सिको शहरात मोठा भूकंप झाला. तेथील सामान्य नागरिकांनी स्वतः पुढे होऊन ढिगाऱ्याखालील ८०० हून अधिक लोकांना जिवंत बाहेर काढले; पण त्याच कामात सुमारे १०० स्वयंसेवक स्वतः प्राणास मुकले. या दोन आकड्यांतून जगाने दोन धडे घेतले. शेजारी मदतीला धावतो आणि धावणारच. त्याला कोणी रोखू शकत नाही, हा एक धडा. अप्रशिक्षित धाडस मृतांच्या संख्येत भर घालते, हा दुसरा. त्याच वर्षी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशमन दलाने वस्तीवस्तीतील नागरिकांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. तो पुढे त्या देशभर पसरला.

याहून जवळचे उदाहरण बांगलादेशाचे आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात त्या किनाऱ्यावर तीन लाखांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तेथे गावोगावी स्वयंसेवकांचे दल उभारण्यात आले. इशारा मिळताच घरोघर फिरून माणसांना निवाऱ्यात नेणे, हे त्यांचे मुख्य काम. आज त्या दलात ७० हजारांहून अधिक स्वयंसेवक असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळ आले, त्या वेळी वीस लाखांहून अधिक लोक सुरक्षित ठिकाणी हलविले गेले आणि त्या देशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. पक्के निवारे आणि हवामानाचे अचूक अंदाज यांचा त्यात मोठा वाटा आहेच. परंतु अंदाज रेडिओवर ऐकू येणे आणि म्हातारी माणसे प्रत्यक्ष घराबाहेर पडणे, यांमधील अंतर स्वयंसेवकाने भरून काढले.

कायदा आणि योजना

आपल्याकडे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष असतात. लोकांना प्रशिक्षण देणे व त्यांच्यात जागृती करणे, हे या प्राधिकरणाचे कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य आहे. आपल्या अखत्यारीतील कर्मचारी प्रशिक्षित असतील हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. स्वयंसेवक प्रशिक्षण हे कोणाच्या सौजन्यावर सोडलेले काम नाही, हे ग्रामपंचायतींनी प्रथम ध्यानी घ्यावे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत ‘आपदा मित्र’ योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. २०२१ पासून तिची व्याप्ती ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक इतकी वाढविण्यात आली. १८ ते ४० या वयोगटातील निवडलेल्या स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, विमा आणि साहित्याची पिशवी, असे तिचे स्वरूप ठेवण्यात आले. योजना चांगली आहे. तथापि, हिशेब मांडून पाहावा. एक लाख स्वयंसेवक ३५० जिल्ह्यांत वाटले, तर एका जिल्ह्याच्या वाट्याला तीनशेच्या आसपास येतात. पुणे जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. तेव्हा सरासरीने एका तालुक्यात वीस-पंचवीस आपदा मित्र आणि शंभरावर गावे, असे प्रमाण पडते. भीमाशंकरच्या पायथ्याची प्रत्येक वाडी, नाणेघाटाकडील प्रत्येक पाडा या संख्येत बसणे शक्य नाही. यास्तव तालुक्यातील हे प्रशिक्षित तरुण शिक्षकांच्या भूमिकेत यावेत आणि प्रत्येक गावाने, शक्य तेथे प्रत्येक वाडीने, आपले दहा-बारा स्वयंसेवक त्यांच्याकडून तयार करून घ्यावेत, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

एक परिसर, अनेक संकटे

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. पावसाळ्यात येथे भातखाचरे तुडुंब भरतात, माळशेज घाटात दरडी कोसळून वाहतूक खोळंबते आणि डोंगरउतारावरील वस्त्यांना धोका संभवतो. मधल्या पट्ट्यात घोड, मीना, कुकडी आणि पुष्पावती या नद्यांवर डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे ही धरणे आहेत. तेथे विसर्गाच्या वेळी नदीकाठ आणि उन्हाळ्यात पाण्यात उतरणारी मुले, ही चिंतेची ठिकाणे होत. पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, बेल्हे हा बागायती प्रदेश आहे. ऊस, शेततळी, विहिरी, पुणे-नाशिक महामार्गावरील अपघात, सर्पदंश आणि बिबट्या ही तेथील संकटे आहेत.

पुस्तकी प्रशिक्षणाचा दोष असा, की ते सर्वांना सर्व काही थोडेथोडे शिकविते. डोंगरातील वाडीला पूरबोटीचे प्रात्यक्षिक दाखवून उपयोग नाही आणि बेल्ह्याच्या शेतकऱ्याला दरडीची लक्षणे पाठ असण्याचे कारण नाही. गावाने प्रथम स्वतःला विचारावे : गेल्या पन्नास वर्षांत येथे काय काय घडले? कोणत्या ओढ्याने पात्र सोडले, कोणत्या उताराला भेग पडली, कोणत्या विहिरीत माणूस गेला? गावातील वृद्धांना एकत्र बसवून, शाळेच्या फळ्यावर गावाचा नकाशा काढून, ही ठिकाणे खुणांनी दाखवावीत. प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम त्या फळ्यावरच तयार होईल.

डोंगर सांगतो ते ऐकणे

दरड अकस्मात कोसळते. परंतु तत्पूर्वी डोंगर काही खुणा दाखवितो. उतारावर नव्या भेगा पडतात वा जुन्या रुंदावतात. झऱ्याचे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होते, नव्या ठिकाणी पाणी फुटते किंवा वाहता झरा अचानक आटतो. झाडे व विजेचे खांब कलतात. घराची दारे चौकटीत अडकू लागतात, भिंतींना तिरप्या चिरा जातात. रात्री दगड गडगडल्याचा आवाज येतो. या खुणा प्रथम कोणाला दिसतात? पाण्याला जाणाऱ्या बाईला, गुराख्याला आणि खाचराच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला. यांपैकी काहीही दिसले तर ते कोणाला सांगायचे, हे त्या बाईला ठाऊक असणे म्हणजेच आपत्ती व्यवस्थापनाचा पाया होय.

पाऊस मोजणेही गावाच्या हाती आहे. सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजावी. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गवारीनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस समजला जातो. माळीणच्या दुर्घटनेच्या आदल्या दिवशी नोंदला गेलेला पाऊस सुमारे १०८ मिलिमीटर होता. तो ‘अतिजोरदार’ या वर्गातही मोडत नव्हता. केवळ एका दिवसाचा आकडा धोका सांगत नाही, हे यावरून स्पष्ट होते. आधीच्या दिवसांत जमिनीत किती पाणी मुरले आहे, उताराचा आकार कसा आहे, त्यावर खोदकाम वा सपाटीकरण झाले आहे काय, या सर्वांचा मिळून परिणाम होतो. उतारावर भातासाठी खाचरे काढण्याची ‘पडकई’ ही या भागातील जुनी रीत आहे. माणसाच्या हातांनी आणि बैलांच्या साहाय्याने होणारे हे काम यंत्राने होऊ लागल्यावर उतारावर काय परिणाम होतो, याची चर्चा माळीणनंतर बरीच झाली. ही चर्चा गावाच्या ग्रामसभेतही व्हावयास हवी. तेथे शेतकऱ्याला दोष देण्याचा सूर नसावा. पाण्याला वाट कोठून द्यावयाची, हे सर्वांनी मिळून ठरविण्यासाठी ती असावी.

गाव सोडण्याचा निर्णय

खुणा दिसल्या, पाऊस थांबत नाही. आता काय करावे? स्वयंसेवकापुढील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. फावडे चालविणे त्यामानाने सोपे. ऐन भातलावणीच्या दिवसांत, रात्रीच्या अंधारात, गोठ्यातील गुरे आणि चुलीवरचे अन्न सोडून घराबाहेर पडा, असे शेजाऱ्याला सांगणे आणि पहाटेपर्यंत काहीही न घडल्यास दुसऱ्या दिवशी त्याच्या नजरेला नजर देणे, याला मोठे धैर्य लागते. दोनदा असे घडले, की तिसऱ्या वेळी कोणी उठत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडी झोपेत होती. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. आणि माळीणच्या दुर्घटनेला बरोबर दहा वर्षे झाली, त्याच तारखेला, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळमधील वायनाड जिल्ह्यात गावेच्या गावे वाहून गेली. या साऱ्या घटनांपुढे एक रात्र शाळेत काढण्याची गैरसोय फार लहान आहे. पण गैरसोय सोसणाऱ्याला ती लहान वाटत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून स्थलांतराची तयारी पावसाळ्यापूर्वीच व्हावी. कोणत्या खुणा दिसल्यास गाव हलवायचे, हे ग्रामसभेने आधीच ठरवून लिहून ठेवावे, म्हणजे त्या रात्री निर्णयाचे ओझे एकट्या तरुणाच्या शिरावर पडणार नाही. निवाऱ्याची जागा उतारापासून व ओढ्यापासून दूर असावी. तेथे कोरडे सरपण, पाणी, कंदील व दोन वेळचे धान्य असावे. गुरांसाठी स्वतंत्र जागा योजावी, कारण गोठ्यातील गाईसाठीच माणसे मागे राहतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि अपंग यांची नावे व त्यांना कोणी न्यायचे त्याची नावे समोरासमोर लिहावीत. काहीही न घडलेली रात्र ‘वाया गेली’ असे कोणी म्हणू नये. ती तालीम झाली असे समजावे आणि सरपंचांनी सकाळी तसे सर्वांना सांगावे.

ढिगाऱ्यापाशी

दुर्घटना घडलीच, तर स्वयंसेवकाने प्रथम स्वतः थांबून पाहावे. वर आणखी उतार लोंबकळतो आहे काय? विजेची तार तुटून पडली आहे काय? गॅसचा वास येतो काय? एका स्वयंसेवकाने केवळ डोंगराकडे पाहत उभे राहावे आणि धोका दिसताच शिटी वाजवावी. दुसऱ्याने तत्काळ खबर द्यावी. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक प्रत्येकाच्या तोंडी असावेत. खोऱ्यात मोबाइलला रेंज नसेल, तर ती नेमकी कोणत्या टेकाडावर मिळते आणि तेथे कोण धावणार, हेही आधीच ठरलेले असावे.

माळीणमध्ये काही तासांनी एक तरुण माता आणि तिचे तीन महिन्यांचे बाळ जिवंत सापडले. मदत करणाऱ्यांच्या कानी बाळाच्या रडण्याचा आवाज आला, म्हणून ते सापडले. या घटनेतून शोधकार्याचा एक नियम सहज पटतो. ठरावीक वेळाने सर्व यंत्रे बंद करावीत, माणसांनी बोलणे थांबवावे, एकाने मोठ्याने हाक द्यावी आणि सर्वांनी कान देऊन ऐकावे. गर्दीला शांत करणे हे ढिगारा उपसण्याइतकेच मोलाचे काम आहे. तसेच ढिगाऱ्यावर सर्वांनी एकदम चढू नये. दडपणाने खालची पोकळी बुजते. जखमीला ओढून काढू नये. मान व पाठ सरळ ठेवून, घोंगडी व दोन बांबू यांची झोळी करून उचलावे. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी.

आणखी एक काम दिसावयास साधे, पण करणारा कोणी नसतो. घरात त्या रात्री किती माणसे होती, कोण पाहुणा आला होता, कोण मुंबईला गेले होते, हे सांगणारे माणूसच हयात नसते. वाडीतील स्वयंसेवकाने पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरोघरची नोंदवही ठेवली आणि तिची एक प्रत शेजारच्या गावात ठेवली, तर कोणाला कोठे शोधावयाचे ते कळते.

बिबट्याच्या प्रदेशात

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. येथील उसाच्या फडात बिबट्या पिढ्यान्‌पिढ्या जन्मतो आणि वाढतो. आदिवासी वस्त्यांतून आजही वाघबारस पाळली जाते, वाघोबाला नैवेद्य दाखविला जातो. सहवासाची जाणीव या भूमीला नवी नाही. तरीही ज्या घरातील मूल बिबट्याने नेले, त्या घराच्या दुःखापुढे कोणताही उपदेश फोल आहे.

२००१ नंतर जुन्नर परिसरातील बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे आढळले, की आधी वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरील हल्ले या मोहिमेनंतर १७ वर गेले. पिंजरा लावला की प्रश्न सुटला, ही समजूत या आकड्यांनी खोटी ठरविली. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात पकडलेल्या व जखमी बिबट्यांची देखभाल होते. परंतु गावाची सुरक्षितता गावातच घडवावी लागते.

या बाबतीत प्रशिक्षित स्वयंसेवकाचे पहिले काम गर्दी आवरण्याचे आहे. बिबट्या विहिरीत पडला वा घरात शिरला, की शेकडो लोक जमतात, आरडाओरडा होतो, दगड भिरकावले जातात आणि बिथरलेला प्राणी सुटकेच्या वाटेवर जो येईल त्याच्यावर झडप घालतो. स्वयंसेवकांनी दोर बांधून लोकांना दूर ठेवावे, वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि प्राण्याला पळण्याची वाट मोकळी ठेवावी. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्ले सापडतात. ती उचलून गावात आणू नयेत. वन विभागाचे कर्मचारी ती पिल्ले तपासून रात्री त्याच ठिकाणी ठेवतात आणि बहुधा मादी येऊन त्यांना नेते. पिल्ले हरवलेली मादी मात्र परिसरात घिरट्या घालते. मुलांनी सायंकाळी एकट्याने बाहेर जाऊ नये, फडाजवळ वाकून काम करताना सोबत असावी, गोठा बंदिस्त असावा. या साध्या गोष्टी घराघरांत रुजविणे हे वर्षभराचे काम आहे.

पुणे जिल्ह्यातील अनेक गावांनी स्वीकारलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा येथे उपयोगी पडते. एका व्यक्तीने केलेला दूरध्वनी तिच्याच आवाजात गावातील सर्व नोंदणीकृत मोबाइलवर एकाच वेळी ऐकू जातो. चोरी, आग, बिबट्या, हरवलेले मूल, सर्वांसाठी ती चालते. जुन्या काळी दवंडीने जे साधत असे, ते आता क्षणात साधते. तरीही वीज व रेंज गेल्यास देवळाची घंटा व शाळेची थाळी या खुणा ठरलेल्या असाव्यात.

सर्पदंश आणि शेततळे यांचाही अभ्यासक्रमात समावेश हवा. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांत व जागृतीत केलेले कार्य सर्वपरिचित आहे. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला विनाविलंब प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे, एवढे पाठ असले तरी जीव वाचतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर येता येत नाही. काठावर गाठी मारलेला दोर व फुगविलेली ट्यूब कायम बांधून ठेवावी. त्यास खर्च अगदीच थोडा येतो.

स्वयंसेवक कोणास करावे

तरुणांची नावे सहज पुढे येतात. पण पश्चिमेकडील वाड्यांतील तरुण मजुरीसाठी नारायणगाव, मंचर, चाकण येथे गेलेले असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गावात कोण असते? स्त्रिया, वृद्ध, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक. ज्या वेळी संकट येईल त्या वेळी जे गावात असतील, त्यांनाच प्रथम शिकविले पाहिजे. पथकात किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात. कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि कोणत्या घरातील म्हातारीला ऐकू येत नाही, हे त्यांना वहीत पाहावे लागत नाही. या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा भरविण्याची सोय केली आहे. स्वयंसेवकांची निवड अशा पाड्याच्या सभेत व्हावी.

शिक्षकांकडे दोन कामे आपोआप येतात. बहुधा शाळा हीच निवारा ठरते, तेव्हा ती जागा खरोखर सुरक्षित आहे काय, हे त्यांनी तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. दुसरे म्हणजे मुलांची तालीम. पाऊस मोजण्याचा डबा चौथीच्या वर्गाने सांभाळला, तर विज्ञानाचा पाठही होतो आणि गावाची नोंदही राहते.

अधिकाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. प्रशिक्षणाच्या शेवटी प्रमाणपत्र देऊन छायाचित्र काढले, की नोंदवहीत काम पूर्ण होते. पण दोन वर्षे तालीम न झालेले पथक कागदावरच राहते. दरवर्षी मे महिन्यात प्रत्यक्ष तालीम घ्यावी, गळालेल्या स्वयंसेवकांच्या जागी नवे घ्यावेत, दोर व बॅटऱ्या तपासाव्यात. स्वयंसेवकाने कळविलेल्या भेगेची पाहणी झाली वा नाही, हे त्याला उलट कळवावे. तीनदा कळवूनही कोणी फिरकले नाही, तर तो चौथ्यांदा कळवीत नाही. आणि कदाचित चौथी भेगच खरी असते.

माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले. २ एप्रिल २०१७ रोजी ६७ घरांचे नवे गाव लोकांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील रस्त्यांना व भरावाला तडे गेले आणि रहिवासी पुन्हा धास्तावले. नवे घर मिळाले म्हणजे दक्षतेची गरज संपत नाही, हे त्या वस्तीने फार लवकर अनुभवले.

येत्या १ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरतील. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. मध्ये पाच आठवडे मिळतात. या अवधीत प्रत्येक ग्रामपंचायतीने चार गोष्टी कराव्यात. धोक्याच्या जागांचा नकाशा काढावा. वाडीवार स्वयंसेवकांची निवड करून त्यांना किमान दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. गाव कोणत्या खुणांवरून व कोठे हलवायचे, याचा ठराव लिहून ठेवावा. आणि एकदा, शक्यतो रात्री, संपूर्ण गावाची तालीम घ्यावी. ठरावाची एक प्रत तहसील कार्यालयात, एक शाळेत आणि एक शेजारच्या गावाच्या सरपंचांकडे असावी. पहिला पाऊस पडण्यापूर्वी घोडेगाव आणि जुन्नर येथील तहसील कार्यालयांत अशा प्रती किती गावांकडून आल्या, हे मोजता येईल. आणि ज्या गावांची प्रत आली नसेल, तेथे गटविकास अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन यावे.